घाट उतरून आलेली माणसं

आपल्या संस्थेला यंदा पंचवीस वर्षं पूर्ण झाली. स्मरणिकेसाठी "आपल्या परिसराचा इतिहास" हा विषय सचिवांनी माझ्याकडे दिला. कारण एवढंच की मी निवृत्त शिक्षिका, आणि चौथीच्या वर्गाला शिवछत्रपतींचा इतिहास वर्षानुवर्षं शिकवलेला. मला वाटलं होतं, माहुली, नाणेघाट, सिद्धगड यांवर दोन-दोन परिच्छेद लिहिले की झालं काम.

लिहायला बसले तर वेगळंच झालं. शहापूर-मुरबाडच्या इतिहासातली कुठलीही गोष्ट उचलली की तिच्यात कुणीतरी बाहेरून इथे येत होतं, नाहीतर कुणाला तरी इथून उठावं लागत होतं. मग आपल्या जिन्यातल्या नावांच्या पाट्या डोळ्यांसमोर आल्या. चोवीस सदनिका. त्यात मूळची या दोन तालुक्यांतली घरं फक्त तीन. बाकी कुणी नगरचे, कुणी जुन्नरचे, कुणी जळगावचे, कुणी रत्नागिरीचे. दोन कुटुंबं गिरणगावातून आलेली. तेव्हा हा लेख परिसराचा आहे आणि आपलाही आहे. यात एक गोष्ट आपल्याला फारशी न आवडणारीही येणार आहे, ती शेवटी सांगते.

घाटवाटा

मुरबाडहून माळशेजकडे निघालं की वैशाखरे गाव लागतं. तिथून पुढे नाणेघाटाची पायवाट चढते. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरलेला माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणला जात असे. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. शेजारी दगडी रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं सांगतात. आपल्या मुलांना सहलीला नेलं तेव्हा सगळ्यांनी त्या रांजणात डोकावून पाहिलं. म्हणजे बाहेरच्या माणसांची ये-जा इथे नवी नाही. मुरबाडकरांनी दोन हजार वर्षं ती पाहिलेली आहे.

आसनगाव स्टेशनातून दिसणारा माहुली आपण रोज पाहतो. 1636 साली निजामशाहीचा शेवट याच किल्ल्यावर झाला. शहाजीराजांनी लहानग्या निजामाला घेऊन माहुलीचा आश्रय घेतला होता. मोगलांचा खानजमान आणि आदिलशाहीचा रणदुल्लाखान यांनी वेढा घातला. शेवटी राजांना किल्ला सोडावा लागला, छोटा निजाम मोगलांच्या हवाली झाला आणि शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले. पुढचं त्यांचं बरंचसं आयुष्य कर्नाटकात गेलं. वर्गात हा धडा शिकवताना मी वेढ्यापाशी थांबत असे. आता वाटतं, तिथून पुढे सांगायला हवं होतं. मुलूख सुटल्यावर दूरच्या प्रांतात, वेगळ्या भाषेत राजांना पुन्हा बस्तान बसवावं लागलंच ना!

सिद्धगडाची गोष्ट आपल्याला ठाऊक आहे. माथेरानचे भाई कोतवाल आणि त्यांचा आझाद दस्ता बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत होऊन मुरबाडच्या या जंगलात आला. 2 जानेवारी 1943 रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील तिथे हुतात्मा झाले. आजही त्या तारखेला लोक सिद्धगडला जमतात.

आगगाडी आणि धरणं

16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली हे आपण पाठ केलेलं असतं. पण आपल्या दाराशी ती कधी आली? 1 ऑक्टोबर 1855 रोजी वासिंदपर्यंत, 1860 च्या फेब्रुवारीत आसनगावपर्यंत आणि 1 जानेवारी 1861 रोजी कसाऱ्यापर्यंत. पुढचा थळघाट ओलांडून इगतपुरी गाठायला 1865 चा जानेवारी उजाडला. थळ आणि बोर या दोन्ही घाटांच्या कामांवर हजारो मजूर राबले. कितीतरी जण साथीच्या रोगांत गेले. बोगद्यांवर इंजिनिअरांची नावं सापडतात, या माणसांची सापडत नाहीत. आपल्यातले निम्मे सभासद ज्या कसारा लोकलने पंचवीस वर्षं नोकरीला गेले, तिचा रस्ता त्यांनी फोडलेला आहे.

आगगाडीनंतर धरणं आली. मुंबईची तहान वाढत गेली तशी ती उत्तरेकडे सरकत शहापुरात पोचली. 1892 साली तानसा धरण पूर्ण झालं. 1957 साली वैतरणेवरचं धरण झालं, त्यालाच आपण मोडकसागर म्हणतो. ऐंशीच्या दशकात भातसा आलं आणि 2014 साली मध्य वैतरणा. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांच्या एकूण साठ्यापैकी जवळजवळ निम्मा एकट्या भातसाचा. तिकडे मुरबाडच्या बाजूला औद्योगिक विकास महामंडळाचं बारवी धरण 1972 सालचं. त्याची उंची पुढे टप्प्याटप्प्याने वाढवत नेली, तसतशी आणखी जमीन पाण्याखाली गेली.

हे झालं सामान्य ज्ञान. मला धरणाचा अर्थ समजला तो एका निबंधाच्या वहीतून. शहापूर तालुक्यात बदली झाल्यावर पाचवीच्या मुलांना "माझे गाव" हा निबंध घातला होता. सगळ्यांनी ठरलेलं लिहिलं, गावात मारुतीचे देऊळ आहे, नदी वाहते. एका मुलाने लिहिलं, "माझे गाव पाण्याखाली आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की देवळाचा चौथरा दिसतो. तेव्हा आजी हात जोडते." पोरगा धरणानंतर जन्मलेला. त्याने ते गाव कधी पाहिलेलंही नव्हतं, तरी "माझे गाव" म्हटल्यावर त्याला तेच आठवलं. मी त्याला दहापैकी किती गुण दिले ते आठवत नाही. वही मात्र अजून आठवते.

ज्यांच्या नावावर सातबारा होता त्यांना मोबदल्याचा कागद तरी मिळाला. दुसऱ्याच्या शेतावर राबणारे आणि जंगलावर जगणारे ठाकूर-कातकरी यांच्या हाती बहुतेक वेळा तोही पडला नाही. म्हणून पुढे जेव्हा मुरबाडला काळू नदीवर धरण बांधायचं ठरलं, तेव्हा तिथल्या आदिवासींनी विरोध केला. 2011 साली काम सुरू झालेलं होतं, ते वनखात्याच्या परवानगीच्या मुद्द्यावर 2012 मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने थांबलं. त्या भागात मी आठ वर्षं काढली आहेत. तिथल्या माणसांनी शांत बसावं असं कुणी म्हटलं तर मला ते पटणार नाही.

आम्ही आलो

आता आमच्यासारख्यांचं. जिल्हा परिषदा 1962 साली स्थापन झाल्या आणि गावोगाव, पाड्यापाड्यावर शाळा निघत गेल्या. शिक्षक कुठून येणार? ते घाटावरून आले. नगर, पुणे, सांगली, सोलापूरकडची डी.एड. झालेली पोरं-पोरी पत्र्याची ट्रंक आणि वळकटी घेऊन ठाणे जिल्ह्यात उतरली. 1986 च्या जूनमध्ये मीही कल्याण-नगर रस्त्यावर टोकावड्याला एस.टी.तून उतरले. माहेर-सासर दोन्ही पारनेर तालुक्यात. वय बावीस. तिथून शाळेचा पाडा तासभर पायी.

आमच्याकडे पाऊस पडला तर आम्ही अंगणात येऊन बघणारी माणसं. इथे पाऊस सुरू झाला तो थांबेचना. पाड्यावर पोचले तेव्हा नखशिखांत भिजलेले, चप्पल चिखलात गेलेली. पहिल्याच झोपडीतून एक म्हातारी इरलं घेऊन बाहेर आली. मी शाळा कुठे आहे विचारत होते आणि ती म्हणाली, "बाय, आधी आत ये. पानी पी, मंग बोल." वर छप्पर गळत होतं आणि तिने पितळी तांब्यात पाणी दिलं. ते पाणी ती खालच्या डवऱ्यातून आणते, नि उन्हाळ्यात त्याच डवऱ्याशी रात्री नंबर लावून बसते, हे मला पुढच्या एप्रिलात कळलं.

मुलांची भाषा मराठीच, पण सुरुवातीला मला निम्मी कळत नसे आणि माझी त्यांना. मी "पेरणी" म्हणे, ती "आवणी" म्हणत. राब भाजणं, चिखलणी, खाचर, वरकस हे शब्द मी त्यांच्याकडून शिकले. भात या शब्दाचा अर्थ माझ्यासाठी ताटातला, त्यांच्यासाठी शेतातला. पहिल्या वर्षी आवणीच्या दिवसांत वर्ग रिकामा पाहून मी चिडले होते. दुसऱ्या वर्षी मीच वर्ग सोडला आणि मुलांबरोबर बांधावर जाऊन बसले.

खाण्याचीही फजिती झाली. पहिल्या पावसात एका मुलीने शेवळं आणून दिली. भाजी म्हणजे भाजी, म्हणून मी सरळ फोडणीला टाकली. दोन घास खाल्ले आणि घसा असा खाजू लागला की रडू आलं. दुसऱ्या दिवशी सगळा पाडा हसत होता. शेवळाबरोबर काकडं घालायची असतात, नाहीतर ती खाजते, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक! गौरीच्या वेळी तसंच. आमच्या घरी मुखवट्यांच्या महालक्ष्म्या आणि पुरणपोळी. इथे तेरड्याची गौर, आणि काही घरांत तिला चक्क तिखटाचा नैवेद्य. मी तोंडावर काही बोलले नाही, पण पत्रातून आईला सगळं कळवलं. आईने उत्तरात लिहिलं, "त्यांची गौर त्यांच्या घरी जेवते. तू कशाला ताट मोजतेस?"

सर्वांत जड गेलं ते सासूबाईंना. 1991 साली सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे आल्या. तांदळाची भाकरी त्यांना भाकरी वाटत नसे. गावाहून आणलेलं बाजरीचं पीठ इथल्या दमट हवेत आठ दिवसांत कडू व्हायचं. "इथं माणूस बी आंबून जाईल," म्हणायच्या. त्यांचा जीव रमायचा तो दिवाळीनंतर. भात निघालं की आमच्या पारनेरकडचे धनगर मेंढरं घेऊन घाट उतरतात. शेतकरी खतासाठी मेंढरं शेतात बसवून घेतात आणि त्यापोटी धान्य-पैसे देतात. त्यांचा वाडा जवळपास पडला की सासूबाई रोज जाऊन बसत. त्या बायका मूठ-दोन मूठ गावची बाजरी त्यांच्या पदरात घालत. एकदा सासूबाईंनी त्यांना विचारलं, "दरसाली घर सोडून येता, करमतं का गं?" त्यातली एक म्हणाली, "म्हातारे, आमचं निम्मं घर हितंच हाय." पौषी पौर्णिमेला म्हशाच्या यात्रेला त्या एकदा आल्या आणि बैलबाजारापेक्षा घोंगड्यांच्या दुकानांतच फिरल्या. घोंगडं घेतलं, ते शेवटपर्यंत अंगावर होतं. 1998 च्या मे महिन्यात त्या गेल्या. गावी न्यायचं का, असं यजमानांनी विचारलं होतं. "एवढ्या लांब कशाला, पोरांना हेलपाटा," एवढंच म्हणाल्या. त्यांचं इथे जमलं होतं की त्यांनी हार मानली होती, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

घर सोडून जाणं हे काही आमच्याच वाट्याला होतं असं नाही. माझ्या हजेरीपटावर दिवाळीनंतर ओळीने गैरहजेरीच्या खुणा पडत. कातकरी कुटुंबं भिवंडी-कल्याणकडे वीटभट्टीवर निघून जात, ती पावसाच्या तोंडावर परत येत. आम्ही एकदा स्थलांतर केलं आणि त्याच्या आठवणी आयुष्यभर सांगितल्या. ती माणसं ते दरवर्षी करतात.

आपली सोसायटी

संस्थेची नोंदणी 2000 सालची. त्याआधी दोन वर्षं आपण सोळा जण दर रविवारी एका सभासदाच्या भाड्याच्या खोलीत जमत होतो. शिक्षक, एस.टी.चे वाहक, वीज मंडळातले, रेल्वेतले. 1982 च्या संपानंतर गिरणी सुटलेली दोन घरं. पतपेढीचं कर्ज, प्रॉव्हिडंट फंडाची उचल, कुणाच्या बायकोच्या पाटल्या. जमीन भाताच्या खाचराची. पाया खणताना पहिल्या पावसात खड्ड्यात वलगणीचे मासे चढले होते आणि शेजारच्या पाड्यावरची पोरं ते धरायला आली होती. गृहप्रवेशाला आपण पाड्यावर पेढे वाटले होते. ते दिवस चांगले होते.

26 जुलै 2005 सगळ्यांच्या लक्षात आहे. मागचा नाला फुगला, तळमजल्यावर कमरेएवढं पाणी शिरलं, लोकल बंद, वीज नाही. कामावर गेलेली माणसं कल्याणच्या पलीकडे अडकलेली. पाडा उंचावर. तिथली माणसं दोर घेऊन खाली आली. तळमजल्यावरच्या सहा कुटुंबांनी दोन रात्री पाड्यावर काढल्या. आमच्या शेजारणीचं चार महिन्यांचं बाळ एका ठाकरिणीने रात्रभर कुशीत धरलं. तांदळाची पेज आणि सुकट खाऊन सगळे राहिले. बाजरीची भाकरी हवी असं तेव्हा कुणी म्हटलं नाही.

आता ती न आवडणारी गोष्ट.

2009 साली पाऊस कमी झाला. मुंबईतसुद्धा पाणीकपात झाली. 2010 चा उन्हाळा आला तेव्हा पाड्याची विहीर तळाला गेली, टँकर आठवड्यातून एकदा येई. इथला काळा कातळ पाणी धरून ठेवत नाही, चार महिने धो धो पडलेलं मार्चपर्यंत वाहून गेलेलं असतं. आपल्या बोअरला मात्र पाणी होतं. पाड्यावरच्या बायका पहाटे आवारातल्या नळावर हंडे भरू लागल्या. पहिले आठ दिवस कुणी काही बोललं नाही. मग टाकी लवकर रिकामी होते, गेट उघडं राहतं, फरशीवर चिखल होतो, अशा तक्रारी आल्या. विशेष सर्वसाधारण सभा झाली. इतिवृत्ताची वही मी या लेखासाठी पुन्हा काढून पाहिली. ठराव असा आहे: "संस्थेच्या आवारातील नळाचा वापर बाहेरील व्यक्तींस करू देऊ नये व नळास कुलूप लावावे." ठराव सर्वानुमते संमत. सर्वानुमते, म्हणजे त्यात माझाही हात वर होता.

"बाहेरील व्यक्ती" हे शब्द तेव्हा कुणालाच खटकले नाहीत. चोवीसातल्या एकवीस घरांनी, जी स्वतःच घाट उतरून किंवा गाडीत बसून इथे आली, त्यांनी पाचशे पावलांवरच्या पाड्याला बाहेरचं ठरवलं. आपली भीती खोटी नव्हती. बोअर आटली असती तर आपल्यालाही टँकर मागवावा लागला असता आणि कर्जाचे हप्ते चालूच होते. मुंबईलाही तिची कारणं खरीच वाटत असतील. पण पाच वर्षांपूर्वीच्या दोन रात्री आपण सगळेच त्या सभेत विसरलो होतो. मी तर त्याआधीचा एक पितळी तांब्याही विसरले.

त्या बायका भांडायला आल्या नाहीत. कुलूप पाहून परत गेल्या. त्यांच्यातली एक पुढेही माझ्याकडे करवंदं विकायला येत राहिली आणि त्या गोष्टीबद्दल एक शब्द बोलली नाही. मीही बोलले नाही.

पंचवीस वर्षांत आपण इथलेच झालो, असं या स्मरणिकेत अनेकांनी लिहिलं असेल. बऱ्याच अंशी ते खरंही आहे. आपली मुलं शेवळं काकडं घालून खातात, गावी गेली की चार दिवसांत "घरी जाऊ" म्हणतात, आणि ते घर म्हणजे इथलं. माझ्या बोलण्यात "आवणी" आपोआप येतो. पण इथलं होणं म्हणजे इथलं खाणं आणि बोलणं येणं, एवढंच मी समजत होते. इथल्या माणसाची तहान आपली वाटते का, हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. हा इतिहास लिहिताना विचारावं लागलं.

रौप्यमहोत्सवानिमित्त प्रवेशद्वाराला कमान बांधावी असा प्रस्ताव आहे. कमानीला माझा विरोध नाही. पण छतावरचं पावसाचं पाणी बोअरमध्ये मुरवण्याची सोय आधी करावी आणि कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला, रस्त्यालगत, एक नळ काढून तो मार्च ते जून सकाळी दोन तास उघडा ठेवावा, असं मला वाटतं. 2010 चा ठराव रद्द करून हा नवा ठराव मी येत्या वार्षिक सभेत मांडणार आहे. सूचक म्हणून माझं नाव आहे. अनुमोदकाची जागा रिकामी आहे.